लॅझरस, अ‍ॅनॉनिमस, लॅप्सस: जगातले गाजलेले हॅकर ग्रुप नेमके आहेत तरी कोण?



हॅकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. अंधारी खोली, डोक्यावर हूडी, स्क्रीनवर धबाधबा पडणारी हिरवी अक्षरं आणि दहा सेकंदांत "अ‍ॅक्सेस ग्रँटेड". सिनेमावाल्यांनी आपल्या डोक्यात हे इतकं घट्ट बसवलंय की खरा हॅकर शेजारी बसून चहा पीत असला तरी आपल्याला कळणार नाही.

खरी गोष्ट वेगळी आहे. जगातले जे मोठे हॅकर ग्रुप आहेत त्यातला एखादा रजिस्टर्ड क्लब आहे, एखादा सरकारी खात्यासारखा चालतो, एखाद्यात पगार आणि एचआर आहे, तर एखादा म्हणजे शाळकरी पोरांची टोळी. आणि यातल्या दोघा-तिघांचा आपल्या महाराष्ट्राशी थेट संबंध आलेला आहे. पुण्यातल्या एका बँकेचे ९४ कोटी रुपये कसे गेले ते वाचलं असेल तुम्ही, पण त्यामागे कोण होतं हे फार कमी जणांना माहीत असतं. त्याकडे येऊच. आधी जरा मागे जाऊ.

पैसे चोरून परत देणारा क्लब

१९८१ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये काही कॉम्प्युटरवेडी मंडळी एकत्र आली आणि केऑस कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. वाऊ हॉलंड हा त्यांचा म्होरक्या. त्या काळात जर्मनीच्या टपाल खात्याची बीटीएक्स नावाची ऑनलाइन सेवा होती. इंटरनेटच्या आधीचं इंटरनेट म्हणा ना. त्यात काही पानं उघडली की पैसे कापले जायचे. खातं म्हणायचं, आमची सिस्टिम एकदम सुरक्षित. क्लबवाले म्हणायचे, नाही. कुणी ऐकेना.

मग १९८४ मध्ये त्यांनी हॅम्बुर्गच्या एका बचत बँकेचं लॉगिन वापरून स्वतःच्याच पैसे लागणाऱ्या पानावर रात्रभर पुन्हा पुन्हा भेट दिली. सकाळपर्यंत बँकेच्या नावावर सुमारे १ लाख ३४ हजार मार्कांचं बिल! दुसऱ्या दिवशी सगळ्या पत्रकारांसमोर त्यांनी हे जाहीर करून टाकलं आणि पैसे परत केले.

हा क्लब आजही आहे आणि दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी मोठं संमेलन भरवतो. तुमच्या खिशातल्या फोनशीही त्यांचा संबंध आहे बरं का. २०१३ मध्ये आयफोन ५एस आला, त्यात पहिल्यांदा बोटाच्या ठशाचं लॉक होतं. फोन बाजारात आल्यावर काही दिवसांतच या मंडळींनी काचेवर उमटलेल्या ठशाचा फोटो काढून, त्यापासून नकली बोट बनवून ते लॉक उघडून दाखवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट कसं बदलणार? मला स्वतःला आजवर ऐकलेल्या सिक्युरिटीच्या युक्तिवादांपैकी हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात पटलेला वाटतो. (मी फिंगरप्रिंट वापरतोच, सोय कुणाला नको. पण बँकेच्या अ‍ॅपला पिन वेगळा ठेवलाय.)

अमेरिकेतही असाच एक ग्रुप होता, बोस्टनचा लॉफ्ट. मे १९९८ मध्ये त्यांच्यातले सात जण सिनेटसमोर साक्षीला गेले, तेही आपापल्या टोपणनावांनी. तिथे त्यांनी सांगितलं की मनात आणलं तर आम्ही ३० मिनिटांत इंटरनेट बंद पाडू शकतो. खासदारांचे चेहरे बघण्यासारखे झाले असणार.

मुखवट्यामागे कोण? कुणीही!

अ‍ॅनॉनिमस हे नाव तर सगळ्यांनाच माहीत आहे. तो पांढरा, मिशीवाला, हसरा मुखवटा. पण खरं सांगायचं तर अ‍ॅनॉनिमस हा ग्रुपच नाही. त्याला अध्यक्ष नाही, सभासद नाहीत, फॉर्म नाही. २००३ च्या सुमारास फोरचॅन नावाच्या साइटवर नाव न टाकता पोस्ट केलं की नावाच्या जागी "अ‍ॅनॉनिमस" दिसायचं, तिथून हे सुरू झालं. २००८ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या विरोधात ही मंडळी पहिल्यांदा मुखवटे घालून रस्त्यावर उतरली.

मग २०१० आलं. विकिलीक्सला मिळणारे पैसे पेपाल, व्हिसा आणि मास्टरकार्डने अडवले म्हणून अ‍ॅनॉनिमसने त्यांच्या साइट्सवर हल्ला केला. यात हॅकिंग असं फार नव्हतंच. डीडॉस म्हणतात त्याला. समजा तुमच्या गल्लीतल्या वडापावच्या गाडीवर एकाच वेळी पाच हजार माणसं आली आणि कुणीच काही विकत न घेता फक्त "किती रुपयाला?" एवढंच विचारत राहिली, तर खऱ्या गिऱ्हाइकाला वडापाव मिळेल का? बस्स, हेच. यासाठी लोइक नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं. डाउनलोड करा, बटण दाबा, झालात तुम्ही क्रांतिकारक.

आता गंमत बघा. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचा आयपी अ‍ॅड्रेस लपवत नव्हतं. हजारो पोरांना वाटलं, एवढ्या गर्दीत आपल्याला कोण ओळखतंय? पोलिसांनी लॉग उघडले आणि एकेकाच्या घरी जाऊन दार वाजवलं. अमेरिकेत पेपालच्या प्रकरणात चौदा जणांवर खटला भरला गेला. सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं ते बाजूलाच, ज्यांनी फक्त बटण दाबलं ते कोर्टात.

भारतातही जून २०१२ मध्ये साइट ब्लॉक करण्याच्या विरोधात अ‍ॅनॉनिमसच्या नावाने निदर्शनं झाली होती. मुंबईतही मुखवटे दिसले होते, पण प्रकरण तेवढ्यावरच थांबलं.

अ‍ॅनॉनिमसमधूनच २०११ मध्ये लल्झसेक नावाची सहा-सात जणांची टोळी निघाली. यांना ना तत्त्व ना पैसा, फक्त मजा हवी होती. ५० दिवसांत त्यांनी सोनी पिक्चर्स फोडलं, सीआयएची साइट पाडली आणि ट्विटरवर जोक मारत बसले. त्यांचा म्होरक्या साबू. या साबूने कधीतरी आपला पत्ता न लपवता चॅटमध्ये लॉगिन केलं आणि एफबीआय थेट त्याच्या न्यूयॉर्कच्या फ्लॅटवर पोहोचली. पुढचे कित्येक महिने साबू रोज आपल्या मित्रांशी गप्पा मारत होता, आणि ते सगळं एफबीआय वाचत होती! मित्र एकेक करून पकडले गेले. इतक्या हुशार पोरांची टोळी शेवटी कुठल्या सॉफ्टवेअरमुळे नाही, तर आतल्या माणसामुळे बुडाली.

लॅझरस: चोर, पण सरकारी

आता मुख्य विषयावर येऊ. माझ्या मते आजच्या घडीला जगातला सगळ्यात धोकादायक हॅकर ग्रुप कोणता, तर लॅझरस. अमेरिकेच्या म्हणण्यानुसार हा उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यासाठी काम करतो. बाकीचे देश हॅकर ठेवतात ते हेरगिरीसाठी. उत्तर कोरियावर इतके निर्बंध आहेत की त्यांना डॉलर मिळणंच कठीण, म्हणून त्यांचे हॅकर चक्क दरोडे घालतात.

२०१४ मध्ये सोनी पिक्चर्सवर मोठा हल्ला झाला तेव्हा यांचा गवगवा झाला. पण खरी कमाल फेब्रुवारी २०१६ ची, बांगलादेशची.

बांगलादेश बँक म्हणजे त्यांची रिझर्व्ह बँक. तिचे पैसे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमध्ये होते. हॅकर्सनी जवळजवळ वर्षभर आधी नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराच्या नावाने ईमेल पाठवून आत शिरकाव केला होता. मग गप्प बसले. ४ फेब्रुवारीच्या गुरुवारी रात्री त्यांनी स्विफ्ट नावाच्या बँकांच्या निरोप यंत्रणेतून ३५ ऑर्डर पाठवल्या, एकूण सुमारे ९५ कोटी डॉलरच्या! दिवस निवडण्यातली अक्कल बघा. शुक्रवारी ढाक्यात साप्ताहिक सुट्टी. शनिवार-रविवार न्यूयॉर्कला सुट्टी. सोमवारी फिलिपीन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी, आणि पैसे जाणार होते तिथेच. व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटरसुद्धा त्यांनी बंद पाडून ठेवला होता. बँकेतल्या लोकांना वाटलं, प्रिंटरच तो, बिघडतोच.

मग इतके पैसे वाचले कसे? दोन फुटकळ कारणांनी. एका ऑर्डरमध्ये "फाउंडेशन" शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं, त्यावरून मधल्या बँकेला शंका आली आणि श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर परत मिळाले. आणि मनिलाची ती शाखा ज्युपिटर नावाच्या रस्त्यावर होती. ज्युपिटर नावाचं एक इराणी जहाज अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत होतं, म्हणून त्या शब्दाने अलार्म वाजला आणि बहुतेक ऑर्डर अडकल्या. तरीही ८.१ कोटी डॉलर गेलेच, त्यातले बरेचसे मनिलाच्या कॅसिनोंमध्ये जिरले.

पुणे, ११ ऑगस्ट २०१८

आणि आता आपल्या घरची गोष्ट. कॉसमॉस बँक, १९०६ पासूनची पुण्यातली जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुन्हा वीकेंडच!

हे समजण्यासाठी एटीएम कसं चालतं ते आधी बघू. तुम्ही कार्ड घातलं, पिन टाकला, पाच हजार मागितले. एटीएम स्वतः काही ठरवत नाही. ते बँकेच्या स्विच नावाच्या यंत्रणेला विचारतं. स्विच आत बँकेच्या मुख्य सिस्टिमला विचारतो, "या खात्यात पैसे आहेत का?" आतून होकार आला की नोटा बाहेर. म्हणजे काउंटरवरचा क्लार्क आतल्या साहेबाला फोन करून विचारतो तसं.

हॅकर्सनी काय केलं, तर मध्येच आपला एक खोटा स्विच बसवला. क्लार्कचा फोन साहेबाकडे जाण्याऐवजी भलत्याच माणसाकडे वळवला म्हणा, आणि तो माणूस प्रत्येक वेळी म्हणतोय, "हो, देऊन टाका." खरा साहेब आपल्या केबिनमध्ये निवांत, त्याला फोनच आला नाही. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यातून काहीच कमी झालं नाही, पैसे गेले ते थेट बँकेचे.

आधी बनवून ठेवलेली शेकडो नकली कार्डं घेऊन माणसं वेगवेगळ्या एटीएमसमोर तयार उभी होती. २८ देशांत! काही तासांत सुमारे १२ हजार व्यवहारांतून परदेशात ७८ कोटी रुपये निघाले. भारतात २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी. कोल्हापूर, मुंबई अशा शहरांतल्या एटीएममधून. आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमधून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात. बेरीज: ९४ कोटी ४२ लाख.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या दरोड्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली. ते कोण होते माहितीये? हॅकर नव्हते. नकली कार्डं घेऊन एटीएममधून नोटा काढणाऱ्या साखळीतली इथलीच माणसं होती. प्याँगयांगमध्ये बसलेल्यांना कुणी हात लावू शकलेलं नाही.

लॅझरस अजून जोरात आहे. आता बँकांपेक्षा क्रिप्टोवर भर. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरहून जास्त रकमेची क्रिप्टो गेली. त्यात आपल्याकडच्या कितीतरी तरुणांची बचत अडकून पडली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने मिळून हे उत्तर कोरियाचं काम असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात बायबिट एक्स्चेंजमधून जवळजवळ १५० कोटी डॉलर! क्रिप्टो एक्स्चेंजवर पैसे ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, बँक बुडाली तर ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो. तिथे तसलं काही नाही.

अस्वल, पांडा आणि मांजराचं पिल्लू

बातम्यांत "फॅन्सी बेअर", "चार्मिंग किटन" अशी नावं वाचून मला आधी वाटायचं की ही नावं हॅकरच ठेवतात. पण नाही, बहुतेक वेळा सिक्युरिटी कंपन्या ठेवतात. क्राउडस्ट्राइकच्या पद्धतीत रशियावाले म्हणजे बेअर, चीनवाले पांडा, इराणवाले किटन आणि उत्तर कोरियावाले चोलिमा, म्हणजे त्यांच्या लोककथेतला पंख असलेला घोडा. मायक्रोसॉफ्टने मात्र हवामानावरून नावं ठेवलीत: रशिया ब्लिझार्ड, चीन टायफून. त्यामुळे एकाच ग्रुपला पाच-सहा नावं असतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याचा सँडवर्म ग्रुप तर चोरीही करत नाही, नुसती नासधूस. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये सव्वादोन लाखांहून जास्त ग्राहकांची वीज त्यांनी घालवली. जून २०१७ मध्ये त्यांनी युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सोडला. सोडला युक्रेनवर, पण पसरला जगभर. मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली आणि तिचं टर्मिनल आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात आहे, तिथलंही काम थांबलं! कुणाचं भांडण, आणि कंटेनर अडकले न्हावा शेव्याला. मर्स्कचं नेटवर्क पुन्हा उभं राहिलं ते कशामुळे, तर हल्ल्याच्या वेळी घानाच्या ऑफिसमध्ये लाइट गेली होती, म्हणून तिथला एक सर्व्हर वाचला. लोडशेडिंगचा असा फायदा मी तरी पहिल्यांदाच ऐकला.

पण कुणी केलं हे दर वेळी इतकं स्पष्ट नसतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती, लोकल बंद पडल्या होत्या, आठवतंय? काही महिन्यांनी एका अमेरिकन कंपनीने भारताच्या वीज यंत्रणेत चीनशी संबंधित रेडएको ग्रुपचा वावर असल्याचा अहवाल दिला. तेव्हाचे राज्याचे गृहमंत्री म्हणाले, सायबर घातपाताची शक्यता दिसते. केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. त्यामुळे "चीनने मुंबईची बत्ती गुल केली" असं कुणी फॉरवर्ड केलं तर लगेच पुढे ढकलू नका.

पगार, एचआर आणि खंडणी

रॅन्समवेअरवाल्यांबद्दल थोडक्यात. हे तुमच्या फायलींना कुलूप लावतात आणि किल्लीचे पैसे मागतात. कॉन्टी हा त्यातला मोठा रशियन ग्रुप. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी रशियाला पाठिंबा जाहीर केला आणि चिडून कुणीतरी त्यांचे हजारो चॅट्स बाहेर टाकले. वाचून लोक चाट पडले. एचआर विभाग, महिन्याचा पगार, "एम्प्लॉयी ऑफ द मंथ", सुट्टीवरून भांडणं! आयटी पार्कमधली कुठलीही कंपनी वाटावी. लॉकबिटवाले तर आपलं सॉफ्टवेअर चक्क भाड्याने द्यायचे आणि खंडणीत हिस्सा घ्यायचे.

ओटीपीचा कंटाळा आणणारी पोरं

शेवटचा ग्रुप तुमच्याच वयाचा आहे. लॅप्सस. २०२१-२२ मध्ये यांनी एनव्हिडिया, सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट असे एकाहून एक मोठे मासे फोडले, आणि पकडले तेव्हा त्यातली मुख्य पोरं इंग्लंडमधली १६-१७ वर्षांची निघाली. यांच्याकडे लॅझरससारखं लष्कर नव्हतं. त्यांचं हत्यार होतं माणसाचा कंटाळा.

सप्टेंबर २०२२ मध्ये उबरवर हल्ला झाला. आधी एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड मिळवला. पण लॉगिनला फोनवर "हे तुम्हीच आहात का?" असं अ‍ॅप्रूव्हल यायचं. मग त्याला पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा तेच नोटिफिकेशन पाठवत राहिले. मग व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज: मी आयटी विभागातून बोलतोय, अ‍ॅप्रूव्ह केलंत की हे थांबेल. त्याने केलं. हल्लेखोर आत.

यांच्यातल्या एकाला जामिनावर हॉटेलात ठेवलं होतं, लॅपटॉप काढून घेतला होता. पठ्ठ्याने हॉटेलच्या टीव्हीला अ‍ॅमेझॉनची फायर स्टिक लावली, फोन घेतला आणि रॉकस्टार गेम्सच्या सिस्टिममध्ये शिरून जीटीए ६ चे ९० व्हिडिओ बाहेर टाकले. तेव्हा १७ वर्षांचा होता. डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने त्याला सुरक्षित रुग्णालयात ठेवण्याचा आदेश दिला, मुदत न देता. इंटरनेटवर त्याला हिरो करणारे खूप आहेत. मला मात्र त्या प्रकरणात हिरोगिरी काही दिसत नाही. इतक्या कमी वयात एक पोरगा बंद खोलीत गेला, एवढंच दिसतं.

तर आता हा भाग नीट वाचा, कारण मला "दादा, हॅकर व्हायचंय, एखादा ग्रुप सांग ना" असे मेसेज येत असतात. आपल्या आयटी कायद्याच्या कलम ६६ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये गडबड केली तर ३ वर्षांपर्यंत तुरुंग किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिकायचंच असेल तर बग बाउंटी आहे. गूगल, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या त्यांच्यातली चूक दाखवली तर रीतसर पैसे देतात.

आणि टेलिग्रामवर कुणी "खातं भाड्याने दे, महिन्याला अमुक हजार" किंवा "हे कार्ड घे, पैसे काढून आण, दहा टक्के तुझे" असं म्हणालं, तर समोरचा कुठल्या देशात बसलाय हे तुम्हाला कधीच कळणार नाही, पण बँकेच्या नोंदीत आणि एटीएमच्या कॅमेऱ्यात चेहरा तुमचाच असणार. आधीच अडकला असाल किंवा पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मधल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त.